डावीकडे आठवण, उजवीकडे आलेख: एका ध्वनिमालिकेच्या कामाच्या नोंदी

३ जून
आराखडा ठरला. आठ भागांची ध्वनिमालिका, प्रत्येक भाग वीस मिनिटांच्या आसपास. विषय हवामानबदल, पण भाषणबाजी नको. प्रत्येक भागात एक ठिकाण, तिथल्या लोकांच्या आठवणी आणि तिथलं विज्ञान. फळ्यावर मी मधोमध उभी रेघ मारली. डावीकडे ‘लोक काय सांगतात’, उजवीकडे ‘मोजमाप काय सांगतं’. दोन्ही जुळलं की शेवटी बरोबरची खूण.

ध्वनिमुद्रण सांभाळणाऱ्या मित्राला ही रचना फार आवडली. आकडे सांभाळणारी मैत्रीण काहीच बोलली नाही. तिचं गप्प बसणं मला कधीच चांगलं लक्षण वाटलेलं नाही.

५ जून
पहिला भाग सुवा सरोवराचा. जपानच्या नागानो प्रांतातलं हे सरोवर कडक थंडीत गोठतं. रात्री बर्फ आकसतो, त्याला तडे जातात, तड्यांत पाणी शिरून गोठतं. दिवसा बर्फ प्रसरण पावतो आणि जागा न मिळाल्यानं सरोवरभर उंचवट्याची एक लांब रांग उठते. लोक म्हणतात, ही देवाची पायवाट आहे. या काठचा देव पलीकडच्या काठच्या देवीला भेटायला बर्फावरून चालत गेला, त्याच्या या खुणा. त्या रांगेला ‘ओमिवातारी’ म्हणतात आणि देवळाचे पुजारी १४४३ पासून तिची नोंद ठेवत आलेत.

मला यात सगळ्यात जास्त काय आवडलं, तर हवामानाचा अभ्यास पुजाऱ्यांच्या डोक्यातही नव्हता. यंदा देव गेला की नाही आणि कधी गेला, एवढंच त्यांना लिहायचं होतं. त्यातून जगातली गोठणाऱ्या पाण्याची सर्वांत जुन्यांपैकी एक नोंदमालिका तयार झाली. पहिल्या सुमारे अडीचशे वर्षांत सरोवर न गोठल्याचे हिवाळे फक्त तीन. १९५५ ते २००४ या पन्नास वर्षांत बारा. २०१८ साली ओमिवातारी उमटली आणि त्यानंतर सलग कित्येक हिवाळे देवाला वाट मिळालेली नाही.

बरोबरची खूण केली. पहिल्याच भागाला इतकं चपखल जुळलं म्हणून आम्ही भलतेच खूश.

६ जून
दुसरा भाग क्योतोच्या चेरीच्या फुलांचा. दरबारी लोकांच्या आणि भिक्षूंच्या रोजनिशा, मेजवान्यांची वर्णनं, कविता यांतून यासुयुकी आओनो या संशोधकानं पूर्ण बहराच्या तारखा वर्षानुवर्षं वेचल्या. पहिली तारीख ८१२ सालची. २०२१ मध्ये पूर्ण बहर २६ मार्चला आला, १४०९ सालच्या २७ मार्चचा विक्रम एका दिवसानं मोडून. सहाशे वर्षं टिकलेला विक्रम फुलांनी मोडला, हे वाक्य मी लगेच संहितेत टाकलं.

संध्याकाळी मैत्रिणीचा फोन. “क्योतो शहर किती वाढलं, तेही सांगणार आहेस ना?” सिमेंट आणि डांबर दिवसभर उष्णता साठवतात, रात्री ती सोडतात, त्यामुळे शहर आजूबाजूच्या मुलखापेक्षा गरम राहतं. बहर अलीकडे येण्यात जागतिक तापमानवाढीचा वाटा आहे आणि शहराच्या उबेचाही आहे. संशोधकांनी हे दोन्ही वाटे वेगळे काढून दाखवलेत. मी मात्र ते एकाच ओळीत गुंडाळले होते.

खूण तशीच ठेवली, पण पेन्सिलीनं.

११ जून
आज सगळा डाव विस्कटला.

तिसऱ्या भागासाठी एल्बे नदीतले ‘भुकेचे दगड’ घेतले होते. मध्य युरोपात नदी फार आटली की तळाशी कोरीव दगड दिसू लागत. त्यावर दुष्काळाची सालं. पाणी इतकं खाली गेलं म्हणजे पीक बुडणार, धान्य महागणार, नावा थांबणार. चेक प्रजासत्ताकातल्या डेचीन गावाजवळच्या दगडावर १६१६, १७०७, १७४६, १७९० अशी सालं आहेत आणि जर्मन भाषेत एक ओळ: मला पाहिलंस तर रड. २०१८ आणि २०२२ च्या कोरड्या उन्हाळ्यांत त्याची छायाचित्रं जगभर फिरली.

संहिता माझ्या डोक्यात तयार होती. पूर्वजांचा इशारा, पुन्हा वर आलेला दगड, पार्श्वभूमीला पाण्याचा थेंब थेंब आवाज. मग वाचनात आलं की वरच्या अंगाला विसाव्या शतकात धरण झालं, पाणी अडवलं-सोडलं जाऊ लागलं आणि हा दगड आता पूर्वीपेक्षा पुष्कळ वेळा उघडा पडतो. अगदी दुष्काळ नसतानाही. म्हणजे दगड खरं बोलतोय, पण १६१६ साली ज्या नदीबद्दल बोलत होता ती नदी आता राहिली नाही. २०२२ चा दुष्काळ खरा होता, तो इतर मोजमापांतून स्पष्ट दिसतो. पण दगड दिसला म्हणून दुष्काळ सिद्ध झाला, असं म्हणता येणार नाही.

मित्राचं म्हणणं, ऐकणाऱ्याला एवढं कशाला सांगायचं, गोष्ट छान आहे ना. मीही अर्धा तास त्याच्याच बाजूची होते, हे लिहून ठेवते.

१२ जून
खूण पुसली. दगडाचा भाग तूर्त बाजूला.

१६ जून
फ्रान्समधल्या बर्गंडीतल्या बोन गावची द्राक्षतोडणी. १३५४ ते २०१८ अशा साडेसहाशे वर्षांच्या तारखा संशोधकांनी २०१९ साली प्रसिद्ध केल्या. वसंत आणि उन्हाळा गरम असला की द्राक्षं लवकर पिकतात, थंड असला की उशिरा. म्हणून तोडणीची तारीख म्हणजे एका अर्थी तापमापकच. १९८७ पर्यंत तोडणी सरासरीनं २८ सप्टेंबरला सुरू होई. १९८८ पासून ती तेरा दिवस अलीकडे आली.

या वेळी हुशारी केली, मैत्रिणीच्या आधी मीच शंका काढली. तोडणीची तारीख वेल ठरवत नाही, माणसं ठरवतात. कधी साथ आली, कधी लढाई, कधी गिऱ्हाइकाला जास्त पिकलेल्या द्राक्षांची वाइन आवडू लागली. म्हणून संशोधकांनी ही मालिका तापमापकाच्या नोंदींशी ताडून पाहिली, मगच तिच्यावर विश्वास टाकला. तेरा दिवसांचा फरक आवडीनिवडीच्या हेलकाव्यात मावणारा नाही.

हे सगळं सांगायला संहितेत पाच मिनिटं जातील. गंमत म्हणजे, शंका सांगितल्यावर गोष्ट जास्त पटते. निदान मला तरी.

२० जून
आज पहिली मुलाखत. आजी पंच्याऐंशीच्या पुढच्या. जन्मभर नदीकाठी राहिलेल्या. मी पहिलाच प्रश्न विचारला, “आजी, पूर्वीच्या मानानं हवामान बदललंय असं वाटतं का?”

“बदललंय की. पूर्वीसारखं काहीच राहिलं नाही.”

झालं, पुढं शब्द नाही. मीच उत्तर तिच्या तोंडात घातलं होतं. आणि पूर्वीसारखं काय राहिलंय, या प्रश्नाला उन्हाळ्यापासून नातसुनेपर्यंत सगळ्याच बाबतीत हेच उत्तर येतं.

दुसऱ्या खेपेला प्रश्न बदलला. “नदी चालत ओलांडायचात ना? कुठपर्यंत पाणी असायचं?” मग मात्र आजी बोलायला लागल्या. थोरली पोटात होती त्या साली उन्हाळ्यातही पाणी मांडीला लागायचं, डोक्यावर गाठोडं घेऊन पलीकडे जायचं, बरोबर कोण होतं, कुठला दगड निसरडा होता. धाकटा झाला तेव्हा पोटऱ्यांपर्यंत. नातू झाला तेव्हा चपला हातात न घेताही जाता यायचं. साल त्यांना एकही सांगता येत नाही, पण मुलांची वयं धरून आम्ही तिन्ही सालं काढली.

‘बदललं का’ असं विचारायचं नाही, ‘तेव्हा काय करायचात’ असं विचारायचं. आठवण कामाला चिकटून बसते, हवेला नाही. हे वाक्य फळ्याच्या वरच्या कोपऱ्यात लिहिलं.

२३ जून
मोजमाप म्हणजे निर्मळ सत्य, असं आम्ही तिघंही गृहीत धरून चाललो होतो. आज मैत्रिणीनं बादलीची गोष्ट सांगितली.

समुद्राच्या पृष्ठभागाचं तापमान एकोणिसाव्या शतकापासून जहाजांवर मोजलं गेलं. पद्धत साधी: दोराला बादली बांधून पाणी वर ओढायचं आणि त्यात तापमापक बुडवायचा. आधी लाकडी बादल्या होत्या, नंतर कापडी आल्या. कापडी बादलीतून पाणी पाझरतं, त्याचं बाष्पीभवन होतं आणि माठातल्या पाण्यासारखं आतलं पाणी थंड होतं. म्हणजे समुद्र आहे त्याहून थंड नोंदला गेला. मग दुसरं महायुद्ध आलं. रात्री दिवा घेऊन डेकवर उभं राहणं म्हणजे शत्रूला पत्ता देणं. त्यामुळे इंजिन थंड करायला आत घेतलेल्या पाण्याचं तापमान नोंदवणं वाढलं. ते इंजिनाच्या उबेमुळे जरा जास्त भरे. १९४० च्या दशकातल्या कच्च्या नोंदींमध्ये समुद्र एकदम तापल्यासारखा दिसतो, त्यात या बदललेल्या पद्धतीचा मोठा हात आहे.

शास्त्रज्ञांनी हे सगळं शोधून दुरुस्त केलं. ‘आकडे बदलून तापमानवाढ रंगवली’ असा आरोप करणाऱ्यांनी एक गोष्ट पाहावी. या दुरुस्तीमुळे जुना समुद्र पूर्वी वाटला होता त्याहून थोडा गरम ठरला, त्यामुळे पृथ्वीच्या तापमानवाढीचा एकूण आकडा कच्च्या नोंदींपेक्षा किंचित कमीच होतो.

म्हणजे उजव्या बाजूलाही आठवणीच आहेत. बादलीच्या, दोराच्या, अंधाराच्या.

२७ जून
या प्रकल्पात एकच भाग करायचा असता, तर हा केला असता.

कॅनडाच्या उत्तरेला, नुनावुतमध्ये, इनुइट या मूळ रहिवाशांतले जाणते लोक ढग, वारा आणि बर्फ पाहून उद्याची हवा सांगत. गेल्या काही दशकांत ते म्हणू लागले, आता अंदाज चुकतात, हवा भरवशाची राहिली नाही. ओळखीचं कुणीतरी अनोळखी वागू लागावं, तशी. त्यांच्या भाषेत त्याला शब्द आहे, उग्गिआनाक्तुक. शारी गिअरहर्ड ही संशोधक तिथे वर्षानुवर्षं राहिली आणि हे म्हणणं तिनं नीट लिहून घेतलं.

हवामान केंद्रांच्या आकड्यांत मात्र असं काही दिसेना. मासिक सरासऱ्या काढल्या, त्यांत हवा बेभरवशाची झाल्याची खूण नाही. आमचा फळा असता तर इथे फुली मारून मोकळे झालो असतो.

संख्याशास्त्रज्ञ एलिझाबेथ वेदरहेड आणि गिअरहर्ड यांनी फुली मारली नाही. त्यांनी उलट विचारलं: इनुइट लोक नेमकं कशाबद्दल बोलताहेत? महिन्याच्या सरासरीबद्दल तर नाहीच. आज जशी हवा आहे तशी उद्या राहील का, याबद्दल. म्हणजे सातत्याबद्दल. मग बेकर लेक इथल्या रोजच्या तापमानाच्या नोंदी त्या अंगानं तपासल्या आणि वसंतातल्या हवेचं हे सातत्य खरोखरच घटलेलं सापडलं. निबंध २०१० साली प्रसिद्ध झाला. आकडे आधीपासून तिथेच पडून होते. त्यांना प्रश्न चुकीचा विचारला जात होता.

मी मैत्रिणीला हे सांगितलं तेव्हा ती पहिल्यांदा मोकळेपणानं म्हणाली, “तू तीन तारखेला खूण काढलीस ना, तेव्हाच मला हे खटकलं होतं. आठवण बरोबर की चूक, एवढंच तू विचारत होतीस.” तेव्हा बोलली असती तर तीन आठवडे वाचले असते. पण मी ऐकलं असतं का, हा प्रश्न राहतोच.

२८ जून
आज कृत्तिका. पेरू आणि बोलिव्हियातल्या अँडीज पर्वतात बटाटा पिकवणारे शेतकरी जूनच्या अखेरीस, पहाटेच्या अंधारात उंचावर जाऊन कृत्तिकांचा पुंजका पाहतात. तारे ठळक दिसले तर पाऊस वेळेवर आणि चांगला. पुसट दिसले तर पाऊस उशिरा आणि कमी, म्हणून लागवड काही आठवडे पुढे ढकलायची. ही रीत किमान चारशे वर्षांची. २००० साली मानववंशशास्त्रज्ञ बेंजामिन ऑर्लव्ह आणि हवामानशास्त्रज्ञ जॉन च्यांग व मार्क केन यांनी तिचं कोडं उलगडलं. एल निन्योच्या, म्हणजे पॅसिफिक महासागराचं पाणी नेहमीपेक्षा तापलेल्या, वर्षी जूनमध्ये तिथे फार उंचावर विरळ ढगांचा थर असतो. तो डोळ्यांना ढग म्हणून दिसत नाही, पण बारीक तारे पुसट करतो. आणि एल निन्योच्या वर्षी तिथला पुढचा पाऊस कमी पडतो. ताऱ्यांचा पावसाशी काही संबंध नाही, मधल्या ढगाचा आहे.

खुद्द ‘एल निन्यो’ हे नावही पेरूच्या किनाऱ्यावरच्या खलाशांचंच. नाताळाच्या सुमारास येणाऱ्या उबदार प्रवाहाला पाइता बंदरातले खलाशी बाळ येशूचं नाव देत. कामिलो कारियो या नौदल अधिकाऱ्यानं १८९२ मध्ये लिमाच्या भूगोल संस्थेपुढे ते सांगितलं, तिथून ते विज्ञानात शिरलं. आज जगभरचे मॉन्सूनचे अंदाज बांधताना ज्याचा विचार होतो, त्याचं बारसं खलाशांनी केलंय.

आमच्यात मतभेद झाला. मित्राला या भागाचा शेवट ‘पूर्वजांना सगळं ठाऊक होतं’ असा हवा होता. मी नाही म्हटलं. एल निन्योची चाल बदलली किंवा बटाट्याचं वाण बदललं, तर हाच आडाखा नडू शकतो. शेतकऱ्यांना ढगाचं कारण ठाऊक नव्हतं, ते ठाऊक असण्याची त्यांना गरजही नव्हती. हे त्यांना कमी लेखणं नाही.

३ जुलै
भाषेची अडचण. मराठीत ‘हवामान’ एकच. उद्या पाऊस पडेल का, हेही हवामान. तीस वर्षांची सरासरी, तेही हवामान. संहितेत एका परिच्छेदात पाच वेळा आलं आणि दर वेळी अर्थ वेगळा. शेवटी ठरवलं: रोजची ती ‘हवा’, लांब पल्ल्याचं ते ‘हवामान’. मुलाखतीतले लोक नाहीतरी ‘हवा बिघडली’ आणि ‘दिवस बदलले’ असंच म्हणतात. त्यांना हा फरक आमच्यापेक्षा बरा जमतो.

८ जुलै
तरुण आवाज हवेत म्हणून वीस-बावीस वर्षांच्या चौघांशी बोललो. त्यांना काहीच बदललेलं वाटत नाही. एकजण म्हणाला, “उन्हाळा असाच असतो ना?”

यालाही नाव आहे, सरकती आधाररेषा. डॅनियल पॉली या मत्स्यशास्त्रज्ञानं १९९५ मध्ये ते मांडलं: प्रत्येक पिढी आपल्या तरुणपणी जे पाहते तेच मूळचं समजते आणि ऱ्हास तिथून पुढे मोजते. फ्लोरिडातल्या की वेस्ट इथे हौशी मासेमारांनी दिवसाच्या सर्वांत मोठ्या माशांसोबत काढलेली छायाचित्रं लॉरेन मॅक्लेनाहन हिनं तपासली. १९५६ साली त्या माशांचं सरासरी वजन सुमारे १९.९ किलो, २००७ साली २.३ किलो. माणसांच्या चेहऱ्यावरचं हसू दोन्हीकडे सारखंच रुंद. यामागे मुख्यतः अतिमासेमारी आहे, हवामान नव्हे, त्यामुळे उदाहरण वापरताना तसं सांगायला हवं. पण त्या हसण्यापुढे मला स्पष्टीकरण सुचत नाही.

त्या मुलाचं वाक्य भागाच्या सुरुवातीलाच घेतलं.

१२ जुलै
हलकाफुलका भाग. बेल्जियममधल्या गेंट विद्यापीठातल्या संशोधकांनी फ्लँडर्सच्या सायकल शर्यतीची १९८१ ते २०१६ ची दूरचित्रवाणी चित्रफीत बसून पाहिली. सायकलस्वारांकडे लक्ष नाही, मागच्या झाडांकडे. शर्यत दरवर्षी एप्रिलच्या सुरुवातीला, त्याच रस्त्यांवर होते. ऐंशीच्या दशकात तीच झाडं जवळजवळ निष्पर्ण, अलीकडे बऱ्याचदा पालवलेली. मित्र म्हणाला, असलं काम मला द्या.

१७ जुलै
ऑस्ट्रेलियाच्या किनाऱ्यावरच्या आदिवासी कथा. इथे आधी जमीन होती, मग समुद्र आत आला आणि परत गेलाच नाही. भूगोलतज्ज्ञ पॅट्रिक नन आणि भाषातज्ज्ञ निकोलस रीड यांनी किनाऱ्यावरच्या एकवीस ठिकाणच्या अशा कथा एकत्र केल्या. हिमयुगाच्या ऐन भरात समुद्र आजच्यापेक्षा सुमारे १२० मीटर खाली होता. तो चढत चढत साधारण सात हजार वर्षांपूर्वी आजच्या पातळीच्या आसपास थांबला. कथांमधलं वर्णन त्या बुडण्याचं असेल, तर त्या त्याहूनही जुन्या आहेत.

तोंडी परंपरा एवढी टिकते का, यावर सगळ्या अभ्यासकांचं एकमत नाही. किनाऱ्याचा आकार पाहून नंतरही कुणी अशी कथा रचू शकतो, ही शंका रास्त आहे. तिला उत्तर असं दिलं जातं की इतक्या दूरदूरच्या, वेगवेगळ्या भाषांच्या लोकांमध्ये एकाच दिशेची कथा आहे, पाणी आलं आणि राहिलं, ओसरलं असं नाही. शिवाय कथा नीट सांगितली जाते ना, हे पाहण्याची जबाबदारी नात्यांमध्ये वाटून दिलेली असते. ‘असेल, तर’ हे दोन शब्द संहितेत ठेवले. मित्रानं एकदा काढले, मी परत घातले.

२१ जुलै
आजींना त्यांचा भाग ऐकवायला गेलो. अकरा मिनिटांचा तुकडा. मांडीपासून पोटऱ्यांपर्यंत उतरत गेलेलं पाणी, मागून मैत्रिणीनं काढलेल्या पावसाच्या आकड्यांचं निवेदन. आमच्या मते उत्तम.

आजी शेवटपर्यंत ऐकून म्हणाल्या, “पोरी, आवाज माझाच आहे. पण मी असं नव्हतं म्हटलं.”

आम्ही घरी येऊन मूळ मुद्रण पुन्हा लावलं. एक तास सात मिनिटांनी आजी म्हणतात, धाकट्याच्या लग्नाच्या आसपास नदीतली वाळू उपसायला लागले, खड्डे पडले, पात्र बदललं, पाणी कधी खोल गेलं तर कधी नुसतं पसरलं. ते वाक्य मीच कापलं होतं. त्या दिवशी कापताना मनात काय होतं तेही आठवतं: गोष्ट भरकटते.

डेचीनच्या दगडाच्या वेळी दोन दिवस डोकं धरून बसलेली मी, स्वतःच्या आजींच्या बाबतीत तेच केलं. दगडाची तक्रार आली नाही. आजींची आली.

२२ जुलै
फळा पुसून नवा आखला. रकाने तीन: आठवण, मोजमाप, आणि तिसरा ‘अजून काय काय बदललं’. बरोबरची खूण रद्द. दगडाचा भाग परत घेतला, आता धरणासकट. आजींच्या भागाशेजारी तो ठेवायचं ठरलं. मैत्रीण नदीच्या पाण्याचे आणि पावसाचे आकडे वेगवेगळे काढतेय, म्हणजे पाऊस किती घटला आणि पात्र किती बदललं, यांची गल्लत होणार नाही. नदीच्या पातळीच्या नोंदीत मधली सहा वर्षं कोरी आहेत. तिथे रेघ तुटकच दाखवायची. त्या सहा वर्षांपुरते आमच्याकडे फक्त आजी आहेत.

२६ जुलै
आजींच्या भागाचं पुन्हा संकलन. वाळूचं वाक्य जागेवर आलं, भाग चौदा मिनिटांचा झाला. परत ऐकवायला गेलो. या वेळी त्यांनी मधेच थांबवून दोन गोष्टी दुरुस्त केल्या. निसरडा दगड अलीकडच्या काठाला होता, पलीकडच्या नव्हे. आणि गाठोड्यात काय होतं ते कुणी विचारलंच नाही.

विचारलं. अजून एक तासाचं मुद्रण झालंय. उद्या ऐकायचं.